राहिलेला मुक्काम

बद्राने लेकीच्या, लुलवाच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"आबा, एक मुक्काम राहिला!"

बायकांच्या पडद्याआडून निघालेला आवाज प्रार्थनाघरभर घुमला. पलीकडे सालेमचं वाचन थांबलं. मिसर देश सोडल्यावर यहुदी पूर्वज कुठून निघाले, कुठे उतरले, ते आज शास्त्रातून वाचायचं होतं. ओळी सगळ्या सारख्याच, आणि सालेमची नजर एक ओळ ओलांडून गेली होती.

नवऱ्याचे डोळे विझत चाललेत, हे बद्राने वर्षभर झाकून ठेवलं होतं. येमेन सोडून या वस्तीत आल्यापासून त्याच्यापाशी मान उरला होता तो एवढाच, शनिवारच्या वाचनाचा.

"मुलीला शिकवलंस की असंच होणार, सालेम!" मोरी अव्वाद, वस्तीचे वयोवृद्ध गुरुजी, गरजले. "आवर तिला!"

"एवढीशी पोर आणि बापाची अब्रू काढते," शेजारची हमामा फणकारली. "कांदा चिरायला शिकव गं तिला."

"चिरते की. तुझी जीभ चिरते त्याहून बारीक," बद्रा म्हणाली. हात मात्र लेकीच्या तोंडावरून निघेना.

"मोरी," सालेमचा आवाज आला, "वाचणारा चुकला की सगळ्यांनी ओरडायचं, ही आपली रीत. गेल्या शनिवारी त्या नव्या नवऱ्यामुलाच्या चुकीला छप्पर उडवलंत. आज एकालाही ऐकू आलं नाही?"

"तुझे डोळे, बाबा..." मोरी खालच्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, जाऊ दे."

"दया मेलेल्यावर करा. मी अजून वाचतोय."

बद्राला घरातलं मेज आठवलं. दोघांत एकच पोथी. बाप अलीकडे, लेक समोर, त्यामुळे लुलवा अक्षरं उलटीच शिकली. तिथेच तो तिला सांगायचा, "चालून आलेला मुक्काम गाळायचा नाही, पोरी. येमेन सोडताना एडनच्या वाटेवर तुझ्या भावाला आपण मातीत ठेवून आलो. त्या जागेला नाव नव्हतं, म्हणून काय ती जागाच नव्हती?"

पलीकडे सालेमने बोट मागे नेलं असावं. वाचन पुढे सरकेना; ओळ सापडत नव्हती.

"लुलवा," अखेर त्याने हाक मारली, "कुठला गं मुक्काम?"

पुरुषांत कुजबूज उठली. मोरींनी काठी आपटली.

बद्राने लेकीच्या तोंडावरचा हात काढला. उठून पडद्याची कड दोन्ही हातांनी वर धरली.

"सांग," ती म्हणाली. "मोठ्याने."