पाच अंडी आणि एक जावई

डॉर्कसच्या सदऱ्याच्या आत, पोटाला चिकटून, तुतारी-हंसाची पाच अंडी होती, आणि समोर शेवाळावर तिचा जावई गारठून मरायला टेकला होता.

दूर उत्तरेतल्या मिंटोच्या पाणथळीत तिचा जन्म गेलेला. कुठल्या तळ्यात हंस बसलेत हे तिला घरबसल्या सांगता येई, म्हणून सरकारी माणसांनी तिला आणि तिच्या या वैमानिक जावयाला, ऑरिनला, अंडी आणायला धाडलं होतं. खाली मिनेसोटात हे पक्षी शंभर वर्षांपूर्वीच मारून संपवलेले. ही अंडी तिकडे उबवायची होती. परतताना इंजिन खोकलं आणि बंद पडलं. ऑरिनने विमान एका अनोळखी तळ्यात उतरवलं खरं, पण बुडालेल्या ओंडक्याने विमानाखालच्या दोन तरंगत्या पायांतला एक फोडला.

विमान बुडू नये म्हणून ऑरिन छातीभर बर्फगार पाण्यात उतरला आणि ते दोराने काठाला ओढत राहिला. अर्धा तास. सासू जवळजवळ कोरडीच काठावर आली. रेडिओ मुका झाला होता. पावसात आग पेटेना, अंड्यांच्या खोक्यातल्या गरम पाण्याच्या पिशव्या निवल्या, तेव्हा तिने अंडी पोटाशी घेतली.

"जावईबापू, झोपू नका. माझी पोरगी मला फाडून खाईल."

"आई... थंडी गेली बघा," ऑरिन जड जिभेने म्हणाला आणि हसला. त्याची थरथर थांबली होती.

थरथर थांबली की माणूस हातचा जातो. झोपायची पिशवी एकच, अंगाची ऊब एकीचीच. त्याला कवटाळावं तर अंडी फुटणार. खाली ठेवावीत तर थिजणार. आतली पिल्लं टोचा मारत होती; तिला ते कातडीला जाणवत होतं.

तळ्याच्या चिंचोळ्या फाट्यापलीकडे, चाळीस पावलांवर, पाणउंदरांनी रचलेल्या गवताच्या जुन्या ढिगावर घरटं करून एक हंसीण बसली होती.

डॉर्कसने विजार काढली, अंडी टोपीत घेतली आणि पाण्यात शिरली. पाणी मांड्यांना सुऱ्यांसारखं लागलं. नर तुतारी फुंकत धावून आला. त्याच्या पंखाच्या तडाख्याने तिचं मनगट कडकन वाजलं आणि एक अंडं पाण्यात गेलं. ती रडत, शिव्या देत पुढे सरकली. हंसीण उडाली. घरट्यात तिची स्वतःची चार होती. त्यांच्यात आपली चार सरकवून डॉर्कस माघारी वळली.

जावयाचे ओले कपडे तिने एका हाताने ओरबाडून काढले आणि त्याला छातीशी धरून पिशवीत शिरली. एरवी लाजेने मेली असती. तिथून घरटं दिसत होतं: उघडं, पावसात, आठ अंडी. आता चार नव्हे, आठ जीव जाणार, आणि हाही. "ये ना गं," ती हंसिणीला म्हणत राहिली, "ये ना, बाई." जूनचा सूर्य मावळत नव्हता, म्हणून किती वेळ गेला तेही कळेना.

मग ऑरिनच्या दातांवर दात आपटू लागले. तिने त्याच्या गालावर एक ठेवून दिली.

"आई गं! मारता कशाला?"

"कुडकुडा, बापू, चांगले कुडकुडा!"

तिने मान वळवली तेव्हा हंसीण घरट्यावर होती. कधी आली, तिने पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोधाचं विमान आलं. त्यातून उतरलेल्या सरकारी साहेबाने आधी अंड्यांची चौकशी केली.

"एक बुडालं. बाकीची देऊन टाकली," डॉर्कस म्हणाली.

"कुणाला?"

तिने तळ्याकडे हनुवटी केली. त्यानंतर सरकारी माणसांनी तिला कधी बोलावलं नाही.

ऑगस्टात दोघं होडीने तिथे गेली. आठातली तीन करडी पिल्लं आईमागे पोहत होती. ऑरिनने इंजिन बंद केलं आणि विचारलं, "यातली आपली कोणती?"

"मला काय ठाऊक," डॉर्कस म्हणाली. तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं. त्या हाताने तिला वल्हं नीट धरता येत नव्हतं. "वल्हवा तुम्ही. नर बघतोय."