हज्जा इन्साफच्या शेगडीतला जिन

त्या शुक्रवारी इजिप्तमधल्या दमिएता शहरातल्या आमच्या गल्लीत एका इमारतीच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर हजला जाऊन आलेल्या हज्जा इन्साफच्या शेगडीत जिन सापडला होता, आणि त्याला बघायला सगळे शेजारी लोटले होते.

मी फिक्री, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. तीस वर्षांत मला शेगड्यांत भात सापडला, झुरळं सापडली, एकदा एका बाईचं कानातलं सापडलं. जिन मात्र एकदाही नाही. त्यामुळे इन्साफची नवी सून शुरूक बाल्कनीतून रडक्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, जरा वर या हो," तेव्हा मी अवजारांची पेटी घेऊन कोपराने वाट काढत वर गेलो.

शेगडी शुरूकच्या बापाने लग्नात दिलेली, चार बर्नरची. तीन बर्नर नीट पेटत होते, पुढचा मोठा मात्र आठवडाभर पेटेना. जिन उतरवून देणाऱ्या शेख दमरावीने निकाल देऊन टाकला होता: जिन सुनेच्या माहेरून आलाय, तेव्हा सुनेने शेगडी घेऊन चाळीस दिवस माहेरी जावं. नवरा मासेमारीच्या बोटीवर, त्याला पत्ताच नाही. शुरूकची बॅग भरून दाराशी ठेवली होती. आमच्याकडे नवी सून अशी परत गेली की लोक काय काय बोलतात, आणि ते बोलणं जन्मभर कसं चिकटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"बघा," शेख म्हणाला. त्याने चिमट्याने बर्नरची टोपी उचलली, काडी लावली. हातभर उंच पिवळी ज्वाळ उठली. बायका मागे सरकल्या.

"हा बाहेर आला. खालच्या जगातल्या सरदाराचा पुतण्या आहे. घराणं चांगलं, पण स्वभाव हट्टी." त्याने टोपी परत ठेवली. ज्वाळ भप्प करून विझली. "आणि हा आत गेला. सुनेवर जीव जडलाय त्याचा."

"त्याला हवंय तरी काय?" इन्साफने विचारलं.

"कांदा भरून भाजलेलं बदक. दोन असली तर लवकर ऐकतो."

"आणि ती भाजायची कशावर?" मी म्हणालो. "शेगडीत तर तो बसलाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"फिक्री, थट्टा नको. तो ऐकतोय."

"ऐकू दे. मलाही त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत."

मी गॅस बंद केला. टोपी गार झाल्यावर खिडकीपाशी नेली. कडेच्या बारीक भोकांत पांढरा, कडक थर बसला होता. नखाने खरवडून जिभेला लावला, तर तोंड आवळलं.

"हज्जा, इथे तुरटी कुणी जाळली?"

सगळे इन्साफकडे बघायला लागले. "मीच," ती म्हणाली. "नवी सून, नवी शेगडी, बघायला येणाऱ्यांच्या नजरा काय सरळ असतात? दर शुक्रवारी एक खडा ठेवत होते. वितळला की नजर लावणाऱ्याचं तोंड त्यात दिसतं ना."

"ठेवत होतीस कुठे?"

"त्या टोपीवरच. आता निखारे कोण करत बसणार?"

"मग हाच तुझा जिन. तुरटी वितळली, भोकांत उतरली आणि तिथेच फुगून वाळली. टोपी काढली की गॅस मोकळ्या तोंडाने येतो, म्हणून उंच पिवळा जळतो. टोपी ठेवली की त्याची वाट बंद, म्हणून विझतो. शेखसाहेब, चाखा जरा. तुमचा जिन तुरट लागतो."

"माझा उपास आहे," दोन बदकं मागणारा शेख म्हणाला.

मी टोपी गरम पाण्यात भिजवली, शिवणाच्या सुईने एकेक भोक मोकळं केलं आणि फडक्याने कोरडी पुसली. ओली टोपी धड पेटत नाही. मग ती जागेवर बसवली. "पोरी, तू पेटव."

तिने नॉब फिरवला. काडी लागली आणि निळी ज्वाळ गोल फिरून स्थिर झाली.

"बघा," शेख लगेच म्हणाला, "मघाशी दुआ म्हणून फुंकर मारली होती, तिला घाबरून पळाला."

"मग मी भोकं पुन्हा बुजवतो. तुम्ही फुंकर मारून पेटवून दाखवा."

शेखला एकाएकी दुसऱ्या गल्लीतला एक आजारी माणूस आठवला. तो गेला, पाठोपाठ गर्दीही पांगली.

इन्साफ बॅग उचलून आत ठेवायला निघाली, तेव्हा शुरूकने तिला थांबवलं.

"आई, तुरटी निघाली म्हणून मी आज इथे राहिले. शेगडी खरंच बिघडलेली असती तर?"

इन्साफने बॅग खाली ठेवली. ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मला तिची कीव आली. बाई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती, आणि असले शेख घाबरलेल्यांनाच बरोबर हेरतात.

म्हणून सांगतो. बर्नर पेटला नाही तर गॅस बंद करा, टोपी गार होऊ द्या, ती उचला, भोकं बघा. नाहीच कळलं तर मिस्त्रीला बोलवा. पण शेगडीतला दोष घरातल्या माणसाच्या माथी मारू नका. टोपी मी अर्ध्या तासात साफ केली. शुरूक मात्र त्यानंतर कित्येक महिने सासूशी कामापुरतंच बोलत होती, आणि त्यावर माझ्या पेटीत अवजार नव्हतं.