अकरा ते एक

सुतारकाकांनी कपाटाच्या कडेला तळवा टेकवला आणि हलकेच ढकललं. कपाट डुललं. आतल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

“बघितलंस? हे भिंतीला बांधून टाकू या. दोन पट्ट्या, चार स्क्रू. चहा गार व्हायच्या आत काम होईल.”

कपाटाशेजारीच ठकूचा पाळणा होता. ठकू तेव्हा चार महिन्यांची. तिच्या आईने एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. भिंतीला रंग देऊन आठवडाही झाला नव्हता.

“नंतर बघू, काका. हे घर आहे, होडी नाही.”

काका हसले. त्यांचा जन्म होड्या बांधण्यात गेला होता आणि खालच्या मजल्यावरची त्यांची खोलीही एखाद्या होडीसारखीच होती. कप हुकांना टांगलेले, फळ्यांना पुढून काठ, कंदिलाला साखळी, खुर्चीचा पाय दोरीने टेबलाला बांधलेला.

“चारी बाजूंनी पाणी आहे, बाई,” जिना उतरता उतरता ते आपल्या बसक्या आवाजात म्हणाले. “आपण बोटीवरच आहोत. नांगर बरा पडलाय एवढंच.”

ते गेल्यावर ती सासूबाईंपाशी हसली होती. खरं तर हसणं हा तिचा स्वभाव नव्हता. ठकू जन्मल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलेला. दुधाची बाटली ती दोनदा उकळायची. झबल्याची बटणं ओढून बघायची. मूल गाढ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास तपासायची आणि त्या बोटाने मूल जागं झालं की स्वतःवरच चिडायची. पण काका काय, सगळ्यालाच भितात. बादली भरलेली दिसली तरी हिंदकळेल म्हणतात. त्यांची एक भीती वाढवून घ्यायला तिच्यापाशी जागा उरली नव्हती.

उलट तिनेच काकांना एक नियम घालून दिला होता. अकरा ते एक ही ठकूची झोपेची वेळ. खाली हातोडी पडली की वर पाळण्यात मूल दचकायचं. पहिल्या महिन्यात ती चार-पाचदा तरी खाली गेली, रडणारी ठकू खांद्यावर घेऊनच. शेवटी काकांनी पेन्सिलीने आपल्या दारावर आतल्या बाजूने लिहून ठेवलं : ‘११ ते १ ठोकायचं नाही.’ तरीही कधी विसरले, तर तीन मिनिटांत ती दारात हजर.

“काका, घड्याळ.”

मग काका हातोडी पाठीमागे लपवायचे, चोरी पकडल्यासारखी. महिना झाला असेल, तिला खाली जावंच लागलं नव्हतं.

त्या दिवशी सव्वाअकराला ती बाटल्या पुसत होती. आधी आवाज आला, घराखालून बोटीचं इंजिन गेल्यासारखा. ही वेळ बोटीची नाही, एवढं तिच्या मनात येतंय तोवर फरशी हलली.

ती पाळण्याकडे धावली तेव्हा कपाट पुढे झुकलेलं होतं. त्याची सावली ठकूच्या तोंडावर आली. आणि तिथेच ते थांबलं. मागून कुणी कॉलरला धरून ठेवावं तसं. दार उघडून एक बरणी तेवढी बाहेर आली आणि पाळण्यापासून हातभर अंतरावर फुटली. ठकूने डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि जांभई दिली.

सासूबाई न्हाणीघरातून निथळत्या केसांनी बाहेर आल्या. “चल, चल. कुलूप राहू दे.”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिला खालच्या बंद दारामागून आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक. तिच्या कपाळावर आठी पडली. जमीन हलली तरी यांचं चालूच. दार वाजवण्यासाठी तिने हात उचललाही असता, पण त्या हातात ठकू होती आणि जीव अजून थाऱ्यावर नव्हता. ती पुढे गेली.

बेटावर पद्धत होती. जमीन हलली की धक्क्यासमोरच्या मैदानात जमायचं. टपालवाटप करणाऱ्या ताई वही उघडून एकेक दार पुकारायच्या. कुणाकडे कितीजण हे विचारायला वेळ नसायचा. दारातले सगळे आले असतील तर ‘सगळे’ म्हणायचं. नसतील तर न आलेल्याचं नाव सांगायचं. बासष्ट दारं, पाच मिनिटांचं काम.

मैदानात एव्हाना गलका झाला होता. न्हावी हातात वस्तरा घेऊनच आला होता आणि त्याच्या शेजारी बर्फाच्या कारखान्यातले मुकादम अर्ध्या गालाला फेस लावून उभे होते.

“हलू नका म्हटलं तर जमीनच हलवलीत,” न्हावी म्हणाला.

“तू आधी वस्तरा मिट. भूकंपातून वाचलो, तुझ्या हातून नको मरायला.”

लोक हसले, जरा जास्तच हसले. कुणाचं कौल गेलं होतं, कुणाचा आरसा. खाडीच्या मध्यावर असलेल्या बोटीने दोन भोंगे दिले. दोन म्हणजे ठीक. तिचा नवरा त्याच बोटीच्या इंजिनावर होता. दुसरा भोंगा ऐकल्यावर तिला पहिल्यांदा आपल्या पायांतल्या चपला दिसल्या. एक तिची, एक सासूबाईंची.

“दार सतरा?” ताईंनी पुकारलं.

“सगळे,” ती म्हणाली.

ताईंनी खूण केली. बासष्टाव्या दारानेही ‘सगळे’ म्हटल्यावर त्यांनी वही मिटली आणि मैदानाने एकदमच सुस्कारा टाकला. कुणीतरी चहाचं आधण ठेवायला गेलं. ठकू मुकादमांच्या फेसाकडे बघून खिदळत होती आणि ते तिला गाल फुगवून दाखवत होते. तिच्या आईला रडू येईल असं वाटत होतं. आलं ते हसू.

“कपाट आडवंच यायचं होतं,” ती सासूबाईंना म्हणाली. “कसं थांबलं कोण जाणे.”

सासूबाईंनी केस पिळायला घेतले. बराच वेळ पिळले.

“रागावणार नसशील तर सांगते. तू ठकूला लस द्यायला गेली होतीस ना, तेव्हा काका येऊन गेले. पट्ट्या मारल्या मागून, वरच्या अंगाला. रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. तुला सांगू नका म्हणाले, बाई उगाच चिडतील.”

“चार महिने झाले त्याला.”

“दोघांनी गुपित पचवलं बघ,” सासूबाई म्हणाल्या, थोड्या अभिमानाने.

तिने मान वर केली आणि गर्दीवरून नजर फिरवली. आता त्यांच्यापाशी जायचं आणि काय म्हणायचं ते तिथे गेल्यावर सुचेल. पण फेट्यासारखा गुंडाळलेला तो मळका पंचा कुठेच दिसेना.

“काका कुठायत?”

“असतील कुणाच्या तरी घरात,” न्हावी म्हणाला. “दर वेळी तेच तर फिरतात, कुणाचा माळा सुटला, कुणाची शेगडी चालू राहिली ते बघत.”

“आमच्याकडे नाही आले,” मुकादम म्हणाले. “तुमच्याकडे असतील म्हटलं.”

ताईंनी वही पुन्हा उघडली. “दार सतरा सगळे आहेत की. तूच म्हणालीस.”

वहीत एकच दार. वर ती चौघं, खाली ते. धक्क्यावरच्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती.

अकरा ते एक.

तिने ठकूला सासूबाईंच्या हातात दिलं. चार भिंतींबाहेर तिने आजवर मूल कुणाच्या हातात दिलं नव्हतं. सासूबाई बघतच राहिल्या, तोवर ती चढण चढूही लागली होती. मागून न्हावी, त्याच्या मागून मुकादम, फेस पुसत.

जिन्याखाली शांत होतं. तिने दारावर दोन्ही हात आपटले. “काका. काका, मी आलेय.”

क्षणभर काहीच नाही. मग आतून, अगदी खालून, जमिनीलगत : ठक.

दार चौकटीत रुतलं होतं. न्हाव्याने खांदा लावला, मुकादमांनी लाथ घातली.

“ढकलू नका रे, गाढवांनो,” आतून बसका आवाज आला. “उचला. चौकट बसलीय. खालून उचला.”

मुकादमांनी बर्फ फोडायची पहार आणली. तिने फटीत ती घातली आणि तिघांनी भार दिला. दार कुरकुरत सुटलं.

कप हुकांना तसेच टांगलेले होते. कंदील साखळीला झुलत होता. बांधायची राहिलेली एकच गोष्ट होती, सकाळी आलेल्या फळ्यांची थप्पी. ती काकांच्या पायावर आडवी झाली होती. काका भिंतीला टेकून बसलेले, कपाळावर घाम, हातात लाकडी हातोडी. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीला ठोकून ठोकून पांढरा खळगा पडला होता.

फळ्या बाजूला झाल्यावर पाऊल दिसलं, सुजून काळंनिळं पडलेलं. न्हाव्याने बोटं हलवून बघायला सांगितलं. बोटं हलली.

“मुरगळलंय, दुसरं काही नाही,” न्हावी म्हणाला आणि स्वतःच खाली बसला.

तिने हुकावरचा कप काढून पाणी दिलं. काका घटाघटा प्यायले.

“ठकू?”

“मजेत आहे. जांभई दिली तिने.”

“आणि कपाट?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. “थांबलं.”

“हं.” काकांनी कपाच्या आतच हसू लपवलं. मग तोंड पुसून म्हणाले, “ओरडलो असतो, पण या घशातून आवाज काय जाणार. म्हटलं, घड्याळ बघ. सव्वाअकरा वाजून गेले होते. म्हटलं, झालं काम. या वेळी ठोकलं की तीन मिनिटांत येतेसच तू भांडायला. तुझ्याच भरवशावर ठोकत होतो.” मग जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, “आज उशीर लागला. आधीच मैदानात गेली असशील. ऐकू आलं नसेल.”

तिने रिकामा कप हुकाला लावला. तो लागेना. दुसऱ्यांदा लावावा लागला.

“पाय वर घ्या, काका,” ती म्हणाली. “पट्टी बांधते.”

तिने दोन्ही हातांनी ती पट्टी अशी आवळून बांधली की काका म्हणाले, “होडी नाही, पाय आहे.” मुकादम हसले. तीही हसली, खाली मान घालून.

संध्याकाळी नवरा आला. त्याने ठकूला घेतलं, कपाटामागे हात घालून पट्ट्या चाचपल्या, काकांकडे जाऊन दोन तास बसला. ती मात्र धक्क्याकडे निघाली. तिथे फळ्यावर बासष्ट दारांची यादी लावलेली असे. येणारा-जाणारा प्रत्येकजण बोटीची वाट बघत ती वाचायचा. तिने सतराच्या ओळीसमोर उभं राहून पेन्सिल काढली. काकांचीच होती, कानामागची.

तिने लिहिलं :

‘दार सतरामध्ये दोन घरं आहेत. वर आम्ही, खाली सुतारकाका. आज सकाळी मी सगळे म्हणाले ते चूक होतं. काकांचा पाय दुखावला आहे आणि उद्या दुपारपर्यंत आम्ही ठकूच्या लसीसाठी दवाखान्यात असू. जो कुणी हे वाचेल, त्याने अकरा ते एकच्या मध्ये चढण चढून यावं आणि त्यांचं खालचं दार वाजवावं. आतून ठोकण्याचा आवाज येत असेल तर रोजचाच आहे म्हणून पुढे जाऊ नये.’