दहावर दोन

चौसाळ्याच्या पेठेत आमचे मिरचीचे दुकान होते, आणि त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या वडिलांना, गुरुलिंगअप्पांना, दमा होता. पहिली गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. दुसरी अप्पांनी गावापासून लपवली होती. "खोकनाऱ्या मानसाकडून तिखट कोन घील?" हा त्यांचा सवाल.

दम दाटला की ते पोत्यांच्या आडोशाला जात, उपरण्याखाली निळा पंप तोंडाशी धरत, आणि थोड्या वेळाने निवळलेले, किंचित परके डोळे घेऊन बाहेर येत. मिरचीच्या लालसर धुळीतून उन्हाची तिरीप त्यांच्या कपाळावरच्या भस्मावर पडे. गुरुलिंगअप्पा ऐन गर्दीतही शिवाचे नाव घ्यायला विसरत नाहीत, अशी त्यांची ख्याती पसरली. अप्पांनी ती नाकारली नाही.

बीडच्या डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले होते. निळा अडचणीच्या वेळचा. चॉकलेटी मात्र रोजचा, दम लागो वा न लागो. चॉकलेटी महाग होता आणि ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नसे. अप्पांनी तो एकदा आणला, संपल्यावर पुन्हा आणला नाही. "ज्याचा गुन दिसत न्हाई, त्याचे पैसे कावून द्यायचे?" त्या हिवाळ्यात ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपू लागले. नुसत्या निळ्यावर भागवाल तर एक दिवस तोही ऐकणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून आई अप्पांच्या श्वासाकडे कान लावून असे.

बाहेर बाजार नुकताच खुला झाला होता. दारोदार शाम्पूच्या पुड्यांच्या माळा झुलत होत्या, परदेशी साबणांची खोकी फळ्यांवर चढत होती. "समदं पुडीत मिळाया लागलं," अप्पा म्हणत, "दम तेवढा पुडीत न्हाई मिळत."

शेवटी मीच त्यांना सुग्रीवच्या मेडिकलवर ओढून नेले. किंमत ऐकताच त्यांनी घासाघीस सुरू केली.

"अप्पा, औषध हाय, मिरची न्हाई," सुग्रीव हसला. "एक-एक मागवतो मी, मला त्यात काय सुटतंय? अख्खा खोका उचलला तर गोष्ट येगळी. दहावर दोन फुकट हाईत."

अप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "औषधाला स्कीम?"

"साबनाला हाय तशीच."

"आन् हे मला आज सांगतूस, बे?"

"दहा खपवू कुठं? गावात चॉकलेटीवाली आनखी तीन-चार गिऱ्हाइकं हाईत. पर तीबी तुमच्यावानीच, पदराखाली चिठ्ठी आननारी."

"कोन बे?"

"ते न्हाई सांगनार. तुमचं नाव आजवर कुनाला सांगितलं का?"

अप्पांमधला व्यापारी जागा झाला. "समदे मिळून आलो तर?"

"ज्याची त्याची डॉक्टरची चिठ्ठी आना. फुकटचे दोन तुमचे, वर माझ्या नफ्यातलंबी थोडं सोडतो."

त्या दिवसापासून ही गिऱ्हाइके हुडकण्यासाठी अप्पा माणसे वाचू लागले. वर्षानुवर्षे समोरून गेलेले चेहरे आता त्यांना नव्याने दिसू लागले: कोण बोलता बोलता वाक्य अर्धे सोडते, कोण चढावर उगाच चप्पल नीट करते.

"गहिनीनाथदादा," आई एकदम म्हणाली.

गहिनीनाथदादा म्हणजे गावचे मोठे जमीनदार, माजी सरपंच. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ते मिरची मागवत. दुकानाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

"ती मिजास हाय त्याची," अप्पा म्हणाले.

"मिजास असती तर गडी धाडला असता. सोता येऊन मिरचीच्या धुळीपासनं लांब कावून हुबं ऱ्हातंय?"

पुढच्या बाजारच्या दिवशी पलीकडून नेहमीची हाक आली, "अप्पा, दोन किलो बांधा!" अप्पा उठले. या वेळी ते पोत्यांमागे गेले नाहीत. भर रस्त्यात येऊन, उपरणे बाजूला सारून त्यांनी निळा पंप तोंडाला लावला. आजूबाजूची गिऱ्हाइके वळून पाहू लागली.

"हे काय, अप्पा?" गहिनीनाथदादांनी विचारले.

"दमा हाय मला, दादा. लई वर्षांचा."

"मंजी पोत्यामागं जप न्हाई व्हय?" कोणीतरी विचारले.

"हाच जप."

हशा उसळला. गहिनीनाथदादा मात्र हसले नाहीत. पंपाकडे टक लावून पाहत ते हलकेच म्हणाले, "निळाच? चॉकलेटी घेत न्हाई?"

मग आपण काय बोलून गेलो, ते त्यांना उमगले. पण पेठेला ते आधीच उमगले होते.

"महाग हाय," अप्पा म्हणाले.

"हाय तर. मी दिसाआड वढतो."

"दोघंबी येडी!" भाजीच्या ढिगाआडून छबुबाई ओरडली. भजनात मध्येच तिचा आवाज थांबे, तेव्हा तिला भरून येते असे लोक समजत. "मी तर रिकामं डबडं हालवून हालवून वास घेते!"

आठवड्याभरात धोंडीराम शिंपी आणि साखराबाईही आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आले. पाच जणांत दहा पंपांची वाटणी ठरली. खोका आमच्या गल्ल्यावर उघडला, आणि फुकटच्या दोन पंपांवरून भांडण पेटले.

"चिठ्ठ्या टाका," धोंडीराम म्हणाला.

"कशाच्या चिठ्ठ्या? पेठंत पहिलं मी बोललो," गहिनीनाथदादा.

"बोलला न्हाई, घसरला!" छबुबाई.

"अप्पा, तुमीच सांगा आता," साखराबाई म्हणाली.

पण अप्पांनी नुकताच चॉकलेटी ओढला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते श्वास आत धरून बसले होते, डोळे मिटून, गाल ताठ करून. बोलता येईना. भांडणही त्यांच्यासोबत थबकले. चार दमेकरी पाचव्याच्या श्वासाची वाट पाहत उभे होते. मग तो श्वास सुटला, सावकाश, लांबवर, शीळ न घालता.

"ह्या टायमाला दोनी छबुबाईला," अप्पा म्हणाले. "पुढच्या खोक्याला दुसऱ्याचा नंबर."

आईने माझ्याकडे पाहिले. ज्यांनी पहिला चॉकलेटी संपल्यावर दुसरा कधी आणला नव्हता, ते पुढच्या खोक्याबद्दल बोलत होते. तिकडे गहिनीनाथदादांनी "दुसरा म्हंजी कोन?" म्हणून पुन्हा आवाज चढवला होता.