हार्कलीचा हिरवा पट्टा

हार्कलीचा क्लब बंद पडला त्या दिवशी आम्ही ऑर्मडेनवाले पबमध्ये पोट धरून हसलो होतो, हे आधीच कबूल करतो. मधे एक टेकडी, तीन मैलांचा रस्ता आणि सत्तर वर्षांचं वैर. तेरा जणांच्या रग्बीचं वेड दोन्ही गावांना सारखंच. पण त्यांची गिरणी गेली, मागोमाग क्लब गेला, मैदानावर गोदाम उभं राहिलं.

दोन वर्षांत आमचं हसू ओसरलं. आमच्याच मैदानात माणसं तुरळक दिसायला लागली. खेळताना गुडघा निकामी झाल्यावर क्लबनं मला कचेरीत घेतलं होतं. अध्यक्ष ब्रॅमॅम म्हणाले, "क्लेम, हार्कलीत रग्बीवाली माणसं रविवारी घरात बसून भिंती रंगवतायत. त्यांना इकडे आण."

मी त्यांच्या बाजारात टेबल मांडलं. तीन तासांत एक बाई आली, तिला बसथांबा हवा होता. एकानं माझं पत्रक घेतलं, त्यात तळलेला मासा गुंडाळला आणि म्हणाला, "आता कुठे कामाला आलं."

शेवटी कुणीतरी एनॉक सग्डन यांचं नाव सांगितलं. सव्वीस वर्षं हार्कली क्लबचे चिटणीस. ते कोबीच्या वाफ्यात वाकलेले होते.

"तू क्लेम हेग ना? आमच्या प्रोसरचं नाक फोडणारा?"

"मी चेंडूसाठी गेलो होतो, मिस्टर सग्डन."

"चेंडू तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता."

मी हसलो, ते हसले नाहीत. "आम्ही तिकडे आलो तर तिथे आमचं काय असेल?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या जर्सीवरचा हिरवा पट्टा," मी म्हणालो. "पुढच्या हंगामापासून आमच्या लाल जर्सीवर. कमिटीनं ठरवलंय."

कमिटीनं काहीही ठरवलं नव्हतं. मी एकदा विषय काढला तेव्हा ब्रॅमॅम "बघू" म्हणून हसले होते, आणि त्या हसण्याचा अर्थ मला नीट कळला होता.

सग्डननी हाताची माती झटकली. "नक्की ठरवलंय?"

"नक्की."

दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

ते घरोघर फिरले. महिन्याभरात दोन बसगाड्या भरून एकशे चाळीस माणसं यायला लागली. आधी गुणफलकाखालच्या कोपऱ्यात गप्प उभी राहायची. ख्रिसमसपर्यंत आमच्या नावानं ओरडायला लागली. त्यांच्यातल्या टॉर्डॉफबाईंनी तर लाल-हिरवे मफलर विणून वाटले. ब्रॅमॅमनी माझी पाठ थोपटली. पट्ट्याचं मी पुन्हा काढलं नाही. उद्या काढू, परवा काढू, करत राहिलो.

ऑगस्टमध्ये नव्या जर्सी आल्या. गळ्यापासून खालपर्यंत लाल. मी सग्डनना कळवायला हवं होतं, तेही केलं नाही. पहिल्या सामन्याला संघ धावत बाहेर आला आणि गुणफलकाखालचा कोपरा एकदम शांत झाला. समोरून आमचा एक जण ओरडला, "काय हार्कली, पट्टा धुवायला टाकलाय का?" सगळे हसले. सग्डन मैदानाकडे पाठ करून आपल्या माणसांना काहीतरी समजावत होते, दोन्ही हात उघडे. मी आत जाऊन बुटांच्या खोलीत उभा राहिलो.

पुढच्या सामन्याला एकही बस आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग मी त्यांच्या दारात गेलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू मला फसवलंस ते मी गिळीन," ते म्हणाले. "पण एक्क्याऐंशी घरांत ते खोटं मी सांगितलंय. माझ्या तोंडानं." त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला. "चल."

प्रत्येक दाराची घंटा ते वाजवत आणि बाजूला सरत. मी म्हणायचं, "कमिटीनं काही ठरवलं नव्हतं. मी खोटं बोललो. मिस्टर सग्डनना माहीत नव्हतं." काहींनी दार लावून घेतलं. एक जण म्हणाला, ऑर्मडेनचा माणूस आहे, वेगळं काय करणार. विसाव्या घराला माझे शब्द भराभर आले. पायऱ्या उतरल्यावर सग्डन थांबले.

"आता तुझं पाठ झालंय," ते म्हणाले. "घरी जा. उद्या येऊ."

कुठल्याही शिवीनं वाटली नसती इतकी लाज मला त्या वाक्यानं वाटली. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक दारात अडखळलो.

टॉर्डॉफबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या आईला माहितीये का हे?"

मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. "नाही," म्हणालो.

"मग तिलाही सांग."

चार दिवस लागले. शेवटचं दार झाल्यावर सग्डननी मान हलवली आणि घराकडे वळले. हात पुढे केला नाही, मीही केला नाही.

ब्रॅमॅमना कळलं तेव्हा ते चिडले. "घरोघर जाऊन क्लबची अब्रू काढायला तुला सांगितलं कुणी?" कचेरीतली जागा मी स्वतःच सोडली. हिवाळ्यात एकोणीस जण परत यायला लागले, आपापल्या गाडीनं. सग्डन त्यांच्यात नव्हते. अजून कधी हार्कलीच्या बाजारात भेटले तर ओळख दाखवायला टोपीला हात लावतात. त्यांच्या आधी मला हात उचलायला अजून जमलेलं नाही.