टोपलीतलं काळं

सुरुवात मेजवानीपासून करायची तर म्हैस कापली होती, ढोल तापले होते आणि…

नाही. सुरुवात ट्रकपासून.

जाळपोळीच्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याचा कौल दिला म्हणून, मिलिशियाच्या हत्यारबंद टोळ्यांनी निम्मं गाव सीमेपलीकडे हाकून नेलं. मग ते एकेक ट्रकने परतू लागलं. प्रत्येक ट्रकला ओलांदिना रस्त्यावर उभी असायची, नेहमी लाल कपड्यांत. नवरा नातालिनो परतायचा होता.

आम्ही बाकीचे आपापल्या मेलेल्यांसाठी काळ्यात, छातीवर काळा तुकडा टाचून. वर्षाने सगळ्या नातलगांनी जमून काळं उतरवायचं, मग नाचायचं, ही आमची रीत. पण कॉफीचा भाव इतका पडला की कुणालाच मेजवानी परवडेना. मतदान झालं, राजधानी दिलीत घटना लिहायला सभा बसली, आमचं काळं अंगावरच. शेवटी ठरलं, नव्या देशाचा झेंडा चढण्याआधी गावाने एकदमच उतरवायचं. म्हैस एकच, मेलेले सगळ्यांचे.

आता त्या नणंद-भावजयीचं बोलणं. ओलांदिनाची नणंद बेन्विंदा भावासाठी, नातालिनोसाठी, काळं घालायची.

"वहिनी, तू तर काळं घातलंच नाहीस. उतरवणार काय?"

"तुझ्या भावाला तू मारलंस, मी नाही. येईल तेव्हा नाचेन."

"तोवर तुझे गुडघे टिकले तर."

दोघी हसल्या. ओलांदिना जरा जास्तच.

मेजवानीच्या सकाळी ट्रक आला. शेवटचा. त्यातून उतरला एकटा गास्पार, खालच्या आळीतला, मिलिशियाबरोबर गेलेला. ओलांदिनापुढे मान वर करेना.

"वहिनी, मागे आता कुणी नाही."

"नातालिनो?"

"नदीपाशी. पुलाच्या अलीकडेच."

"तू होतास?"

"ट्रकमध्ये होतो. खाली उतरलो नाही."

त्याच्या चपलांकडे बघत तिने विचारलं.

"काही म्हणाला?"

"घरी कॉफी वाळत घातलीय म्हणाला. आभाळ आलंय."

आता मेजवानी.

टोपली फिरली. जो तो छातीवरचा काळा तुकडा काढून टाकत होता. बेन्विंदाने टाकला, पिवळं पांघरलं, रडत नाचायला लागली. तेवढ्यात ओलांदिना आली. टोपलीत हात घालून तिने एक तुकडा उचलला, कुणाचा कोण जाणे, आणि लाल कपड्यावर टाचला.

गावप्रमुख पुढे आला. "ताई, आज सगळ्यांचं सुटलं. तुझंही त्यातच धर."

"माझा आजच गेलाय."

ढोल थांबले.

"वाजवा," ती म्हणाली. "तुमचं झालंय."

उतारावरून ती घराकडे निघाली. अंगणात कॉफी वाळत होती आणि वर आभाळ भरून आलं होतं.

बेन्विंदा पिवळ्यात तिच्या मागे थोडी गेली. मग थांबली. तिने काळं आत्ताच उतरवलं होतं.