पत्र्यावरचे नंबर

रुक्माबाईनं गॅरेजचं पत्र्याचं दार बिजागरीतून काढलं, तेव्हा धम्मदीप म्हणाला, "माय, गॅरेज उघडंच ठेवतीस का काय?"

"गिऱ्हाईक येऊन राहिलं का तुझ्याकडं? मंग दार काहून पाहिजे?"

दीड महिना कळमनुरीतल्या एकाही जीपवाल्यानं पोराला पाना लावू दिला नव्हता. ही करणी हरिचंदची. रुक्माबाईच्या नवऱ्याच्या, सटवाजी उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं शिकला, सहा वर्षं तिच्या चुलीवरची भाकर खाल्ली, आणि आता नांदेडच्या शोरूमात इस्त्रीच्या शर्टात मोठा मेकॅनिक झाला होता.

झालं होतं असं. मसाजी ड्रायव्हरच्या नव्या मॉडेलच्या जीपमध्ये धम्मदीपनं चार नवे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बसवले. काम चोख, तरी गाडी धूर ओकायची, हिसके मारायची. या नव्या गाड्यांची तऱ्हाच निराळी. इंजेक्टरवर कोरलेला नंबर गाडीच्या कॉम्प्युटरात घालावा लागतो, आणि तो घालायची मशीन फक्त कंपनीकडं. दोघं जीप घेऊन नांदेडला गेले. हरिचंदनं उस्तादाच्या पोराला काचेबाहेर उन्हात उभं केलं. "बाहेरच्या माणसाला मशीनजवळ मनाई हाय." आत पाच मिनिटांत नंबर घातले आणि मसाजीला सांगितलं, "पोरानं नकली माल टाकला होता. मी चारही बदलले." बाजारभर तेच पसरलं.

एक गोष्ट मात्र तो विसरला. माल बदलला अशी बोंब कुणी मारू नये म्हणून सटवाजी गाडीत टाकायच्या प्रत्येक पार्टाचा नंबर आधी दारावर उतरवायचा. तो वारल्यावर ते काम रुक्माबाईकडं आलं. दुसरी शिकलेली बाई. आकडे येत, इंग्रजी अक्षरं रांगोळीसारखी बघून काढी. मसाजीच्या जीपचे चारही नंबर पिवळ्या रंगात दारावर होते.

धम्मदीप म्हणायचा, मसाजीला दाखवू. ती म्हणायची, एकट्याला दाखवलं तर एकट्यालाच कळंल.

आज बाजाराचा दिवस होता, आणि कंपनीचं मोफत तपासणी शिबिर गावात लागलं होतं. हातगाड्यावर दार टाकून ती थेट मंडपात शिरली. तीसेक जीपा, तेवढे ड्रायव्हर, कंपनीचा औरंगाबादचा साहेब. मधोमध हरिचंद, मांडीवर मशीन.

"मावशी, तुमी?" तो उठला.

"बस. मसाजी, तुझ्या जीपचं बोनट उघड." मसाजीनं उघडलं. "साहेब, तुमचा हा माणूस चार इंजेक्टर बदलले म्हंतो. आतल्या इंजेक्टरवरचे नंबर अन् माझ्या दारावरचे नंबर तोच वाचंल. बदलले असतील तर जुळायचे न्हाईत. मला इंग्रजी येत न्हाई."

हरिचंदनं साहेबाकडं पाहिलं. साहेब म्हणाला, "वाचा."

पहिला नंबर जुळला. दुसऱ्यात एक अक्षर उलटं निघालं होतं, बाकी सगळं बराबर. कुणीतरी हसलं. तिसऱ्याला हरिचंदचा आवाज इतका खाली गेला की मागचे ड्रायव्हर पुढं सरकले. साहेबानं हात पुढं करून त्याच्याकडून मशीन काढून घेतली.

"साहेब, मग ही मशीन आमाला वापरू देता का?" धम्मदीपनं विचारलं.

"बाहेर देता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

मसाजीनं खिशातून जीपची चावी काढून धम्मदीपच्या हातात दिली. "ब्रेक लागत न्हाईत बराबर. गॅरेजलाच घेऊन चल."

हरिचंदचं तोंड उतरून गेलं होतं. "मावशी, लेकरंबाळं हायेत मला," तो हळूच म्हणाला.

"मलाबी एक हाय. उन्हात उभं होतं."

धम्मदीपनं तिचा दंड धरला. "माय, झालं आता. चल."

रुक्माबाईनं पदर खोचला, हातगाड्यावरचं दार हरिचंदच्या तोंडासमोर उभं धरलं.

"चौथा राहिला," ती म्हणाली. "वाच."